एका खेळाडूमुळे बदललेले नियम

सहा फूट दहा इंच उंची आणि डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. अमेरिकेचा बास्केटबॉलपटू जॉर्ज मायकन याला घडवले ते शिकागोच्या डीपॉल विद्यापीठातील प्रशिक्षक रे मेयर यांनी. पायांत चपळाई यावी म्हणून त्यांनी त्याला दोरीवरच्या उड्या मारायला लावल्या, नृत्याचे धडेही घ्यायला लावले.

पुढे मिनियापोलिस लेकर्स संघाकडून खेळताना त्याला रोखणे प्रतिस्पर्ध्यांना अशक्य होऊ लागले. २२ नोव्हेंबर १९५० रोजी फोर्ट वेन पिस्टन्सने चेंडू नुसता हातात धरून वेळ काढला आणि सामना १९-१८ असा जिंकला. लेकर्सच्या १८ पैकी १५ गुण एकट्या मायकनचे!

मायकनला बास्केटपासून दूर ठेवण्यासाठी १९५१ मध्ये एनबीए या व्यावसायिक लीगने बास्केटखालचा, आक्रमकाला फार वेळ थांबण्यास मनाई असलेला सहा फुटी पट्टा बारा फूट रुंद केला. वेळकाढूपणाला आळा घालणारे २४ सेकंदांचे घड्याळ १९५४ मध्ये आले. तोवर मायकनच्या लेकर्सने एनबीएचे विजेतेपद सलग तीनदा पटकावले होते.