नदीच्या पात्रात आडवा पडलेला गलिव्हर

स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया शहरात तुरिया नदीच्या जुन्या पात्रात ७० मीटर लांबीचा एक माणूस उताणा पडला आहे, दोरखंडांनी जमिनीला जखडलेला. जोनाथन स्विफ्टच्या १७२६ सालच्या कादंबरीतला, लिलिपुटच्या किनाऱ्यावर जागा झालेला हा गलिव्हर. फरक एवढाच, की इथले चिमुकले लोक त्याच्या अंगावरून घसरगुंडी खेळतात.

पात्रात बाग आली ती एका महापुरामुळे. १४ ऑक्टोबर १९५७ रोजी तुरिया शहरात घुसली, ८० हून अधिक माणसं दगावली. त्यानंतर नदीच शहराच्या दक्षिणेकडून वळवण्यात आली. रिकाम्या पात्रातून गाड्यांसाठी मोठा रस्ता काढायचा सरकारी बेत होता. पात्र आमचं आहे आणि ते हिरवंच हवं, असा आग्रह धरून नागरिकांनी तो हाणून पाडला. आज तिथे कित्येक किलोमीटर लांबीचं उद्यान आहे.

त्यात १९९० च्या अखेरीस गलिव्हर दाखल झाला. वास्तुरचनाकार राफाएल रिवेरा यांच्याबरोबर तो घडवला मानोलो मार्तिन यांनी. मार्तिन 'फायास' उत्सवाचे कलावंत. या उत्सवात चौकाचौकांत अवाढव्य पुतळे उभारतात आणि १९ मार्चच्या रात्री जाळून टाकतात. एरवी राख होणारी ही कला इथे मुलांच्या पायाखाली टिकून राहिली.

खरी गंमत मापात आहे. स्विफ्टचा गलिव्हर लिलिपुटवासीयांच्या बारापट उंच. हा तर धडधाकट माणसाच्याही सुमारे चाळीसपट लांब. त्यामुळे जवळ गेलं की माणूस दिसतच नाही, दिसतात नुसते चढउतार. आकृती पुरती कळते ती वरून, आकाशातून. खाली मात्र केसांच्या बटा, कपड्यांच्या घड्या, ताणलेले दोर यांतूनच पायऱ्या, उतार आणि घसरगुंड्या निघाल्या आहेत. कुठून चढायचं आणि कुठे उतरायचं, हे ज्याचं त्यानं शोधायचं. मुंबईत म्हातारीच्या बुटात शिरलेल्या मुलांना हा आनंद ठाऊक आहे: गोष्ट ऐकायची नाही, तिच्यात चढायचं. गलिव्हरची गोष्ट न वाचलेलं मूलही इथे आपोआप लिलिपुटचं होतं, आणि त्याच्यामागे धावणारे आईवडीलही.

प्रवेशाला पैसे पडत नाहीत, आणि ते योग्यच आहे. ज्या पात्रासाठी शहर सरकारशी भांडलं, तिथे तिकीटखिडकी शोभली नसती.