पाच-दहा सेंटांचे दुकान : जमा आणि नावे

मुठीत घट्ट धरलेले दहा सेंटांचे एक नाणे, पायांखाली करकरणारी लाकडी जमीन, भाजलेल्या शेंगदाण्यांचा दरवळ आणि नजर पोहोचेल तिथपर्यंत मांडलेल्या लहान लहान वस्तू. अमेरिकेतील सत्तरी ओलांडलेल्या पिढीला बालपणीच्या गावाविषयी बोलते केले, की शाळेच्या आणि चर्चच्या जोडीने या दुकानाची आठवण निघतेच. ‘फाइव्ह अँड डाइम’ हे त्याचे लोकांच्या तोंडी रुळलेले नाव. डाइम म्हणजे दहा सेंटांचे नाणे; अर्थात हे पाच आणि दहा सेंटांचे दुकान.

आपण व्यापारी घरांतील माणसे. दुकान म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर गादी, गल्ला आणि वही येते. म्हणून या दूरदेशीच्या दुकानाकडेही आपल्या सवयीनेच पाहू. त्याच्या खात्यावर जमा काय झाले आणि नावे काय पडले?

न बोलता विकणारा विक्रेता

या दुकानांचा आरंभ ज्याच्या नावाशी जोडला जातो, तो फ्रँक विनफिल्ड वूलवर्थ हा न्यूयॉर्क राज्यातील एका शेतकऱ्याचा मुलगा. जन्म १८५२ चा. शेतीत मन रमेना, म्हणून १८७३ साली त्याने वॉटरटाऊन गावातील कापड आणि किरकोळ मालाच्या एका पेढीवर उमेदवारी सुरू केली. पहिले तीन महिने बिनपगारी. गिऱ्हाइकाशी गोड बोलून माल गळी उतरवणे त्याला कधीच साधले नाही. पुढे एका दुकानात तर त्याचा आठवड्याचा पगार दहा डॉलरांवरून आठ डॉलरांवर आणला गेला. त्याचा हात चालत असे तो माल मांडण्यात.

त्या काळी दुकानातील माल नोकराच्या पाठीमागच्या फळ्यांवर असे. गिऱ्हाइकाने मागावे, नोकराने काढून दाखवावे, मग भाव विचारावा, अशी रीत होती. १८७८ साली वॉटरटाऊनच्या त्या दुकानात एका मेजावर किरकोळ वस्तू मांडून ‘कोणतीही वस्तू पाच सेंट’ अशी पाटी लावण्यात आली आणि मेज पाहता पाहता रिकामे झाले. जे काम वूलवर्थच्या जिभेला जमत नव्हते, ते उघड्यावर मांडलेल्या मालाने केले.

मालकाकडून सुमारे तीनशे डॉलरांचा माल उधारीवर घेऊन त्याने २२ फेब्रुवारी १८७९ रोजी युटिका येथे स्वतःचे दुकान थाटले. ते चार महिनेही टिकले नाही. परंतु त्याने कल्पना सोडली नाही, जागा बदलली. २१ जून १८७९ रोजी पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर येथे दुसरे दुकान उघडले आणि पहिल्याच दिवशी १२७ डॉलरांहून अधिक विक्री झाली. पाच सेंटांची विक्री किती वेळा करावी तेव्हा एवढा गल्ला जमतो, याचा हिशेब वाचकांनीच करावा. पुढे पाच सेंटांच्या जोडीला दहा सेंटांचा माल आला.

त्याचे सूत्र साधे होते. विक्री रोखीने, किंमत ठरलेली, माल शक्य तेथे थेट कारखानदाराकडून आणि मोठ्या प्रमाणावर, नफा नगास थोडा. १९१२ साली स्पर्धकांच्या दुकानमाळा एकत्र येऊन जी कंपनी झाली, तिची दुकाने ५९६ होती. १९१३ मध्ये न्यूयॉर्क शहरात ७९२ फूट उंचीची वूलवर्थ इमारत पूर्ण झाली. तिचा सुमारे एक कोटी पस्तीस लाख डॉलरांचा खर्च त्याने रोखीने भागवला. १९३० पर्यंत जगात तिच्याहून उंच इमारत नव्हती, आणि ती उभी राहिली होती पाच-दहा सेंटांच्या नाण्यांवर.

लहान नाण्याचा मान

परंतु लोकांच्या आठवणीत राहिले ते उंच इमारतीपेक्षा गावातल्या मुख्य रस्त्यावरचे दुकान. लाल दर्शनी पट्टी, तिच्यावर सोनेरी अक्षरे. आत सुया, दोरे, बटणे, केसांच्या फिती, कपबश्या, खेळणी. काचेच्या कप्प्यांतून गोळ्या तोलून कागदी पिशवीत भरून देत. मागच्या बाजूला पिंजऱ्यातले रंगीत पक्षी आणि पाण्यातले सोनेरी मासे. ते नुसते पाहण्यातही मुलांचा तासभर सहज जाई. मातृदिनाला ‘इव्हिनिंग इन पॅरिस’ अत्तराची निळी बाटली घेण्यासाठी कित्येक मुलांनी पैसा पैसा साठवला. खाद्यपदार्थांच्या लांब फळीपुढे फिरत्या बैठकींची रांग असे. काही दुकानांत वर फुगे टांगलेले असत. गिऱ्हाइकाने एक फुगा फोडावा आणि आतल्या चिठ्ठीवर असेल तेवढेच पैसे आइस्क्रीमचे द्यावेत, अशी गंमत असे.

या आठवणी इतक्या जिव्हाळ्याच्या का आहेत? वस्तू तर साध्याच होत्या. मला वाटते, त्या दुकानात लहान नाण्याला मान होता. किंमत सर्वांना दिसेल अशी लिहिलेली. घासाघीस नाही, संकोच नाही. न्यायाधीशाच्या मुलाने आणि धुणे धुणाऱ्या बाईच्या मुलाने त्याच गोळीला तेवढेच पैसे द्यायचे. हातात दहा सेंट असलेले मूल तेथे याचक नसे, गिऱ्हाईक असे. आयुष्यातला पहिला व्यवहार, पहिली निवड आणि पहिली काटकसर कित्येकांनी त्या मेजापाशी उभे राहून शिकली. ही या दुकानांची जमेची बाजू.

नावे पडलेले

वही प्रामाणिक असेल तर दुसरे पानही वाचावे लागते. एवढा स्वस्त माल विकणारी दुकाने विकणाऱ्या मुलींनाही स्वस्तातच राबवत. फेब्रुवारी १९३७ मध्ये डेट्रॉइटच्या वूलवर्थ दुकानातील शंभराहून अधिक तरुण नोकर मुलींनी काम थांबवले आणि त्या दुकानातच ठाण मांडून बसल्या. आठवडाभर त्या तेथेच जेवल्या, तेथेच झोपल्या. अखेर त्यांना तासाला पाच सेंटांची पगारवाढ मिळाली. ज्या नाण्यावर दुकान उभे होते, तेच नाणे त्यांना झगडून मिळवावे लागले.

दुसरी रक्कम त्याहून मोठी. दक्षिणेतील राज्यांत या दुकानांच्या गल्ल्यात कृष्णवर्णीयांचे नाणे चाले. मात्र खाद्यपदार्थांच्या फळीपुढच्या बैठकीवर त्यांना बसता येत नसे. १ फेब्रुवारी १९६० रोजी नॉर्थ कॅरोलायनातील ग्रीन्सबरो येथे एझेल ब्लेअर, डेव्हिड रिचमंड, फ्रँकलिन मॅकेन आणि जोसेफ मॅकनील हे चार महाविद्यालयीन विद्यार्थी वूलवर्थमध्ये गेले. त्यांनी आधी किरकोळ वस्तू विकत घेतल्या, पैसे चुकते केले आणि मग त्या बैठकींवर बसून कॉफी मागितली. नकार मिळाला. ते उठले नाहीत. दुकान बंद होईपर्यंत शांतपणे बसून राहिले. गांधीजींच्या अहिंसक लढ्याचा आदर्श त्यांच्यासमोर होता. दुसऱ्या दिवशी अधिक विद्यार्थी आले, तिसऱ्या दिवशी त्याहून अधिक. मग शहरामागून शहर. २५ जुलै १९६० रोजी ती फळी सर्वांसाठी खुली झाली. त्या दिवशी तेथे सर्वांत आधी खाणे मिळाले ते त्याच दुकानात काम करणाऱ्या कृष्णवर्णीय नोकरांना. आजवर ते इतरांना वाढत होते.

एका मेजावर ज्याचे पैसे आपण हसतमुखाने घेतो, त्याला दुसऱ्या मेजावर उभे करत नाही, हा विरोध त्या चौघांनी पावतीसह दाखवून दिला होता. समान किंमत ही समान वागणूक नव्हे.

माळेतला शेवटचा मणी

पुढचा भाग व्यापाऱ्यांना ओळखीचा वाटेल. किमतीची दहा सेंटांची मर्यादा १९३२ मध्ये वीसवर गेली आणि १९३५ मध्ये सुटली. नाव तेवढे राहिले. मोटारी आल्या, वस्ती शहराबाहेर पसरली, गिऱ्हाईक गाडी उभी करण्याची जागा शोधू लागले. १९६२ या एकाच वर्षी केमार्ट, टार्गेट आणि वॉलमार्ट यांची पहिली दुकाने उघडली. यातील केमार्ट हे पाच-दहा सेंटांच्या क्रेस्गी दुकानांचेच अपत्य. वॉलमार्टचे सॅम वॉल्टन यांनीही १९४५ मध्ये अशाच एका दुकानापासून सुरुवात केली होती. भाडेकरारात मुदत वाढवण्याचे कलम घालायला ते विसरले आणि चाललेले दुकान सोडून त्यांना बेंटनव्हिल गावी नव्याने मांडामांड करावी लागली. उघडा माल, ठरलेली किंमत, थोडा नफा, मोठी उलाढाल: वूलवर्थचेच सूत्र मोठे होऊन वूलवर्थपुढे उभे राहिले. १९९७ मध्ये कंपनीने अमेरिकेतील उरलेली चारशेहून अधिक दुकाने बंद करण्याचे जाहीर केले.

बेंटनव्हिलमधील वॉल्टन यांचे ते जुने पाच-दहा सेंटांचे दुकान आज संग्रहालय आहे. ग्रीन्सबरोचे दुकानही २०१० पासून संग्रहालय आहे, आणि तेथील फळी व बैठकी जागच्या जागी जपल्या आहेत. एकात व्यापाराची जिद्द पाहायला मिळते, दुसऱ्यात त्याच व्यापाराची चूक.

आपल्या दुकानांतही उद्या माल बदलेल, मांडणी बदलेल, कदाचित दुकानच मोबाइलच्या पडद्यावर जाईल. तरीही पन्नास वर्षांनी कोणी आपल्या पेढीची आठवण काढली, तर काय विकत घेतले होते हे त्याला क्वचितच आठवेल. लहानपणी नाणे पुढे केल्यावर गल्ल्यावरच्या माणसाने आपल्याकडे कसे पाहिले होते, तेवढे मात्र तो विसरलेला नसेल.