चिलटाचे आतडे आणि 'नॅनो' औषध

केळी जरा जास्त पिकली की त्यांवर बारीक चिलटे जमतात. उल्हासनगरचा बाजार असो वा अंबरनाथ-बदलापूरचे स्वयंपाकघर, हा अनुभव सर्वांचाच. मात्र हेच चिलट शास्त्रज्ञांच्या फार उपयोगाचे आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. ओबेद सिद्दिकी यांनी १९७० च्या दशकात चिलटांच्या मज्जासंस्थेवर संशोधन केले. आता जगभर त्याचे आतडेही अभ्यासले जाते.

आपल्या आतड्याचे अस्तर सतत झिजते आणि साधारण ३ ते ५ दिवसांत नवे होते. ही डागडुजी मूळ पेशी करतात. चिलटाच्या आतड्यातही अशा मूळ पेशी असतात, हे २००६ मध्ये सिद्ध झाले.

प्रयोग असा करतात. साखरपाण्यातून आतड्याला इजा करणारे रसायन चिलटांना पाजतात. मग अन्नात निळा रंग मिसळतात. आतडे धड असेल तर रंग पोटातच राहतो; अस्तर फाटले असेल तर सारे अंग निळे होते. काही चिलटांना नॅनोकण देऊन फरक पाहिला जातो.

नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. आपला केस त्याच्या सुमारे ८० हजार पट जाड असतो. सेरियम ऑक्साइडसारखे इतके सूक्ष्म कण जखमी पेशींतील घातक ऑक्सिजन-द्रव्ये निष्प्रभ करू शकतात. त्यामुळे पेशींना सावरायला अवसर मिळतो.

मग हे औषध आपण घ्यावे काय? मुळीच नाही! चिलटाच्या शरीरात आपल्यासारखी प्रतिपिंडे नसतात, आयुष्यही दोन-तीन महिन्यांचे. अनेक वर्षांनी होणारा अपाय त्यात कळणार कसा? चांदीचे सूक्ष्म कण असलेले पाणी दीर्घकाळ प्यायल्याने माणसाची त्वचा कायमची निळसर-करडी झाल्याची उदाहरणे आहेत. तेव्हा 'नॅनो' या नावाला भुलून कोणतेही पाणी वा पूड पोटात घेऊ नये.

जुलाब झाल्यास उकळून गार केलेल्या पाण्यात जलसंजीवनी घ्यावी. शौचातून रक्त पडणे, आठवडेच्या आठवडे जुलाब, विनाकारण वजन घटणे, यांपैकी काहीही आढळल्यास अंगावर न काढता डॉक्टरांना दाखवावे. चिलटावरचे यश ही उपचाराच्या वाटेवरची पहिली पायरी आहे; माणसांवरील चाचण्या होईपर्यंत धीर धरलेलाच बरा.