बर्फावरचे भविष्य

दिवाळी अंक घरात आला, की आमच्याकडे पहिल्यांदा उघडले जाते ते वार्षिक राशिभविष्याचे पान. कथा, कविता, व्यंगचित्रे सारे मागाहून. सासूबाईंची कर्क, यांची वृश्चिक आणि माझी कन्या अशा तीन राशी मोठ्याने वाचून झाल्या, म्हणजे अंक बाकीच्यांना मोकळा होतो. मी आज जे लिहिणार आहे तेही भविष्याविषयीच आहे. पण त्यात शनी-मंगळ नाहीत. बर्फावर पोलादी पात्यांचे बूट घालून गिरक्या घेणाऱ्या मुलामुलींपैकी पदके कोणाला मिळणार, एवढाच त्यातला प्रश्न.

फिगर स्केटिंगच्या मोठ्या स्पर्धेआधी तीन पदकांची तीन नावे लिहून ठेवण्याचा नाद जगात पुष्कळांना आहे. आम्हाला तो कसा लागला हे सांगत बसत नाही. पुण्यात आमच्या पेठेत बर्फ दिसतो तो उसाच्या रसात नाही तर गोळ्याच्या गाडीवर, तेव्हा शेजारणी हसतात हे ओघानेच आले. स्पर्धा सुरू होण्याआधी घरातल्या प्रत्येकाने आपली चिठ्ठी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात टाकायची, असा आमचा शिरस्ता. हे बँकेतून निवृत्त झालेले, त्यामुळे यांचा सारा भर आकड्यांवर. मी त्या हंगामात कोणी कोणाला कुठे हरवले ते वहीत टिपून ठेवते. सासूबाई चेहरा बघतात. “पत्रिका जुळली तरी मुलगी बघायची असतेच ना?” हे त्यांचे त्यावर उत्तर.

या तिन्ही पद्धतींचा कस लागावा अशी एकच स्पर्धा सांगा म्हटले, तर मी 2002 सालची सॉल्ट लेक सिटीची सांगेन. हिवाळी ऑलिंपिकमधली महिलांची स्पर्धा. तिची चित्रफीत अलीकडेच मुलाने संगणकावर लावून दिली. यांना आणि मला निकाल ठाऊक होता. सासूबाईंना नव्हता आणि आम्ही तो मुद्दामच सांगितला नाही.

पण आधी वाचकांना त्या वेळचा हिशेब सांगायला हवा, कारण खरी गंमत तिथेच आहे. स्पर्धेचे दोन भाग. पहिला छोटा, त्याला शॉर्ट प्रोग्राम म्हणतात. त्यात ठरावीक उड्या आणि ठरावीक गिरक्या. दुसरा मोठा, फ्री स्केटिंगचा; चारेक मिनिटे एकटीने साऱ्या बर्फावर राज्य करायचे. नऊ परीक्षक सहापैकी गुण द्यायचे. मात्र आपल्या शाळेतल्यासारखी त्या गुणांची बेरीज होत नसे. गुण केवळ क्रम लावण्यापुरते. बहुसंख्य परीक्षकांनी जिला पहिली मानले ती पहिली, मग ती केसभर पुढे असो की कोसभर. पुढे छोट्या भागातल्या क्रमांकाची निमपट घ्यायची, मोठ्या भागातला क्रमांक त्यात मिळवायचा, आणि जिची बेरीज सर्वांत कमी तिला सुवर्णपदक. बेरजा सारख्या आल्या, तर मोठ्या भागात जी पुढे ती विजयी.

आता खेळाडू पाहा. मिशेल क्वान ही कॅलिफोर्नियाची, एकवीस वर्षांची, तोवर चार वेळा जगज्जेती. मॉस्कोची इरिना स्लुत्स्काया तेवीस वर्षांची, उड्यांत जबरदस्त. तिसरी सारा ह्यूज, न्यूयॉर्कजवळच्या ग्रेट नेकची, सोळा वर्षांची शाळकरी पोर. 2001 साली व्हँकुव्हरला जागतिक स्पर्धेत याच तिघी याच क्रमाने उभ्या होत्या: क्वान, स्लुत्स्काया, ह्यूज. जानेवारी 2002 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत क्वान पहिली, साशा कोहेन दुसरी आणि ह्यूज तिसरी. एवढ्यावरून कोणीही क्वानचेच नाव लिहिले असते, आणि बहुतेकांनी तेच लिहिले.

माझ्या वहीत मात्र आणखी एक ओळ आहे. त्याच हंगामाच्या आरंभी कॅनडातल्या ‘स्केट कॅनडा’ स्पर्धेत ह्यूजने स्लुत्स्कायाला आणि क्वानला, दोघींनाही मागे टाकले होते. भाकीत करणारे लोक अशा निकालाला ‘एखादे वेळी होते तसे’ म्हणून बाजूला सारतात. माझे मत उलटे आहे. जी मुलगी दोन जगश्रेष्ठ खेळाडूंना एकाच संध्याकाळी एकदा मागे टाकते, तिला ते दुसऱ्यांदा जमणारच नाही असे कशाच्या आधारावर म्हणायचे? जिंकेल असे नव्हे. पण चिठ्ठीवर तिच्यासाठी जागा हवी.

छोटा भाग 19 फेब्रुवारीला झाला. क्वान पहिली, स्लुत्स्काया दुसरी, कोहेन तिसरी, ह्यूज चौथी. चित्रफीत इथे थांबवून यांनी दुधाच्या बिलाच्या पाठीवर पेन्सिलीने मांडणी केली. क्वान अर्धा, स्लुत्स्काया एक, कोहेन दीड, ह्यूज दोन. क्वान किंवा स्लुत्स्काया यांपैकी जी कोणी मोठा भाग जिंकेल, तिला कोणाच्या तोंडाकडे पाहायची गरज नाही, सोने तिचेच. ह्यूजचे तसे नव्हते. तिने नुसते जिंकून भागणार नव्हते. ती पहिली आणि क्वान दुसरी आली, तर क्वानची बेरीज अडीच आणि ह्यूजची तीन, सोने क्वानला. म्हणजे ह्यूजने पहिले यायचे आणि शिवाय क्वान व तिच्यामध्ये दुसरे कोणीतरी शिरायचे! “म्हणजे हिचं नशीब तिसरीच्याच हातात,” हे म्हणाले.

सासूबाईंनी तो कागद बाजूला सारला. त्यांना मुली बघायच्या होत्या. क्वान लाल पोशाखात बर्फावर आली तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “हिच्या अंगावर ओझं आहे गं. मागच्या खेपेला काय झालं होतं हिचं?”

मी चकित झाले. मागच्या खेपेला, 1998 साली नागानोच्या ऑलिंपिकमध्ये, क्वान अशीच पहिल्या भागानंतर आघाडीवर होती आणि पंधरा वर्षांच्या तारा लिपिन्स्कीने दुसरा भाग जिंकून सोने नेले होते. क्वानला रौप्यपदक. त्यानंतरची चार वर्षे साऱ्या वृत्तपत्रांनी तिला एकच गोष्ट सांगितली होती: आता तुझी पाळी. हंगाम सुरू असतानाच तिने आपले अनेक वर्षांचे प्रशिक्षक फ्रँक कॅरोल यांच्यापासून फारकत घेतली होती आणि सॉल्ट लेकला ती प्रशिक्षकाविना उतरली. हे सासूबाईंना कोणी सांगितले नव्हते.

ह्यूज जांभळट पोशाखात तिच्या आधीच येऊन गेली होती. चौथ्या क्रमांकावरच्या मुलीकडून कोणी फारशी अपेक्षा ठेवत नाही. त्या चार मिनिटांत तिने तीन-तीन फेऱ्यांच्या दोन जोडउड्या घेतल्या. एक उडी उतरते न उतरते तोच त्याच पायावर दुसरी, आणि तीही तीन फेऱ्यांची. त्या काळी महिलांत अशी एक साधली तरी कौतुक होई. शेवटी तिच्या चेहऱ्यावर जो आनंद आहे तो पाहताना निकाल ठाऊक असूनही माझ्या घशाशी दाटून आले. सासूबाई म्हणाल्या, “ही परीक्षेला नाही आलेली, सहलीला आलीय.”

पुढे क्वानची जोडउडी नीट उतरली नाही, दोन्ही पाय टेकले. आणि ट्रिपल फ्लिपवर ती चक्क पडली. तरीही सोने अजून तिच्यापासून फार दूर नव्हते. सर्वांत शेवटी स्लुत्स्काया आली. तिने जिंकावे एवढेच हवे होते. तिचीही एक उडी डळमळली, बाकीचे सारे सावध, जणू काही सांडू नये म्हणून भरले ताट धरून चालावे तसे. परीक्षकांत मते पडली. पाच जणांनी ह्यूजला वर ठेवले, चौघांनी स्लुत्स्कायाला. क्वान त्या भागात तिसरी.

आता दुधाच्या बिलाकडे पाहा. ह्यूज दोन अधिक एक, तीन. स्लुत्स्काया एक अधिक दोन, तीन. क्वान अर्धा अधिक तीन, साडेतीन. तिनांची बरोबरी; मोठ्या भागात ह्यूज पुढे; सोने ह्यूजला. स्लुत्स्कायाने क्वानला मागे टाकले ते स्वतःसाठी, पण त्याचे फळ पडले ते तिसरीच्याच ओंजळीत. एक परीक्षक इकडचा तिकडे होता, तर सोने मॉस्कोला जाते. रशियाने तक्रारही केली. ती फेटाळली गेली. आत खोलीत बसलेली ह्यूज आणि तिची प्रशिक्षिका रॉबिन वॅग्नर निकाल कळताच एकमेकींना धरून जमिनीवरच कोसळल्या, ते दृश्य पुष्कळांनी पाहिले असेल.

मला विचाराल, तर त्या रात्री क्वानशी स्पर्धा करणारी खरी प्रतिस्पर्धी होती ती हजारो लोकांनी लिहिलेली ती एकच चिठ्ठी. जी जिंकणारच असे सारे म्हणतात तिला नुसते चांगले खेळून भागत नाही. लोकांचे म्हणणे खरे करून दाखवावे लागते. वृत्तपत्रांचे भाकीत आणि आमच्या श्रीखंडाच्या डब्यातले भाकीत यांत एवढाच फरक, की आमचे क्वानच्या कानावर जाण्याचा संभव नव्हता.

समारोपाच्या कार्यक्रमात क्वान सोनेरी पोशाखात ‘फील्ड्स ऑफ गोल्ड’ या गाण्यावर स्केटिंग करताना रडत होती. पुढच्याच वर्षी, 2003 साली, वॉशिंग्टनला ती पाचव्यांदा जगज्जेती झाली. त्याच स्पर्धेत ह्यूज सहावी आली. पाच जागतिक अजिंक्यपदे असलेलीकडे ऑलिंपिकचे सोने नाही आणि ऑलिंपिकचे सोने असलेलीला जागतिक तर सोडाच, स्वतःच्या देशाचेही अजिंक्यपद कधी मिळाले नाही. राशिभविष्यवाल्यांनी यावर काय लिहिले असते कोण जाणे.

त्याच ऑलिंपिकमध्ये जोड्यांच्या स्पर्धेत परीक्षकांचे प्रकरण गाजले. एका परीक्षिकेवर दबाव आल्याचे निघाले आणि कॅनडाच्या जोडीला मागाहून दुसरे सुवर्णपदक द्यावे लागले. परिणामी जुनी पद्धत मोडीत निघाली आणि 2004 पासून नवी आली. आता प्रत्येक उडीला ठरलेले मोल, ती कशी उतरली त्यावर कमीजास्त, आणि दोन्ही भागांच्या गुणांची सरळ बेरीज. यांना अर्थातच ही पद्धत पसंत आहे. “आता कुठे खातेवही नीट झाली,” म्हणतात.

पण नीट खातेवहीत भाकीत सोपे झाले असे मात्र नाही. पूर्वी मागे पडलेल्याला क्रमांकाची भिंत आडवी येई. आता भिंत नाही, नुसता खड्डा आहे, आणि उड्या मोठ्या असतील तर तो भरता येतो. 2018 च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा नेथन चेन छोट्या भागात सतरावा होता. मोठ्या भागात तो सर्वांच्या पुढे निघाला आणि एकूण पाचवा आला. त्याहून मोठी गोष्ट 2024 ची, माँट्रियलच्या जागतिक स्पर्धेतली. फ्रान्सचा अ‍ॅडम सियाओ हिम फा छोट्या भागानंतर 77.49 गुणांसह एकोणिसावा. मोठ्या भागात त्याने 206.90 मिळवले. त्यात तेव्हा मनाई असलेली कोलांटउडीही मारली, तिचे दोन गुण कापून घेतले आणि वर ब्राँझपदक नेले! जुन्या हिशेबात एकोणिसाव्याच्या नावावर आधीच साडेनऊ लागले असते आणि तो पदकाच्या आसपासही फिरकला नसता. सोने त्या दिवशी अमेरिकेच्या इलिया मलिनिनचे. छोट्या भागात तिसरा असलेल्या या मुलाने मोठ्या भागात 227.79 गुण घेतले. आणि छोट्या भागात पहिला असलेला जपानचा शोमा उनो चौथा, म्हणजे पदकाबाहेर.

तेव्हापासून चिठ्ठी लिहिताना मी तिसरे नाव निराळ्या रीतीने काढते. पहिली दोन वहीवरून. तिसऱ्यासाठी जो आधी घसरला तर ज्याला कोणी मोजणार नाही, पण ज्याच्या मोठ्या भागात उड्यांचे सर्वांत भारी ओझे आहे, असा एक जण शोधते. यांना हे पटत नाही. छोट्या भागानंतर गुण पाहून चिठ्ठी बदलण्याची मुभा असावी, असा यांचा आग्रह असतो. सासूबाईंचा त्याला ठाम विरोध आहे. डबा त्यांच्या खोलीत, त्यांच्या कपाटात असतो, आणि किल्ली कनवटीला.