पलटणीला मत असते काय?

निवडणुकीचे दिवस जवळ आले, की साताऱ्याकडच्या गावांतून वार्षिक सुट्टीवर आलेल्या फौजी माणसाला पारावर एक प्रश्न हमखास विचारला जातो : "काय हवालदारसाहेब, फौजेचा कौल औंदा कुणाकडं?" हवालदारसाहेब मिशीतल्या मिशीत हसतात, पावसाचा किंवा ऊसतोडीचा विषय काढतात, आणि विचारणारा आपल्या मनाशी दोहोंपैकी एक निष्कर्ष काढून मोकळा होतो : एक तर फौजेत माणसाला राजकारणाविषयी मत बाळगण्याचीच मनाई असावी, किंवा सगळी फौज एकाच बाजूला उभी असून तसे उघड बोलण्याची तेवढी तिला मुभा नसावी. हे दोन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत. आणि मौज अशी, की परस्परांना छेद देणारे हे निष्कर्ष पुष्कळदा एकाच गृहस्थाच्या तोंडून, एकाच संध्याकाळी, ऐकावयास मिळतात.

घोटाळ्याचे मूळ काहीसे आपल्या भाषेतच आहे. 'मत' हा एकच शब्द आपण मनातल्या अभिप्रायालाही वापरतो आणि मतपत्रिकेवरच्या खुणेलाही वापरतो. कायदा मात्र मत बाळगणे, मत मांडणे आणि मत देणे या तीन क्रिया वेगवेगळ्या मानतो, आणि सैनिकाच्या बाबतीत त्यांपैकी फक्त मधल्या क्रियेवर हात ठेवतो. संविधानाच्या ३३ व्या अनुच्छेदाने, सशस्त्र दलांतील माणसांना मूलभूत हक्क कितपत लागू व्हावेत हे ठरविण्याचा अधिकार संसदेला दिला. त्या अधिकाराच्या आधाराने १९५० च्या सेना अधिनियमाचे २१ वे कलम उभे राहिले. आणि त्या कलमाखाली १९५४ च्या सेना नियमावलीतील १९, २० व २१ हे नियम झाले. सैनिकाने राजकीय संघटनेचे सभासद होऊ नये, तिला वर्गणी देऊ नये, पक्षाच्या सभेस वा निदर्शनास हजर राहू नये, स्वतःस उमेदवार म्हणून जाहीर करू नये किंवा इतरांकरवी जाहीर होऊ देऊ नये, उमेदवाराच्या निवडणूक समितीवर बसू नये, आणि राजकीय किंवा नोकरीविषयक मजकूर परवानगीवाचून वर्तमानपत्राकडे धाडू नये, असा त्या नियमांचा एकंदर मथितार्थ आहे. अमुक विचार मनात आणू नये असे त्यांत कोठेही लिहिलेले नाही, आणि ते तसे लिहिता येणारही नव्हते. बराकीत रात्री खाटेवर पडल्यापडल्या कांद्याच्या भावावरून सरकारला चार शब्द सुनावणारा शिपाई कोणत्याही कलमात सापडत नाही; तोच शिपाई गणवेश चढवून व्यासपीठावर गेला, तर मात्र सापडतो. मेसमध्ये राजकारणाचा विषय काढू नये हा संकेत आहे, आणि तो कायद्याहून जुना आहे.

मत देण्याच्या हक्काची गोष्ट तर याहून निराळी. तो हक्क मूलभूत हक्कांच्या प्रकरणातला नाहीच. तो ३२६ व्या अनुच्छेदातून आणि लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्यांतून येतो, आणि तेथे सैनिकाला तो नाकारलेला नसून उलट त्याच्यासाठी खास सोय करून ठेवली आहे. बारामुल्ल्याला खंदकात असलेला माण तालुक्यातला जवान, तो आपल्या गावीच राहत आहे असे कायद्याने गृहीत धरून, त्याच गावच्या मतदारयादीत 'सेवा मतदार' म्हणून नोंदला जातो. नमुना क्रमांक २ भरून तो अभिलेख कार्यालयामार्फत, म्हणजे आपल्या पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसमार्फत, पाठवावयाचा आणि नाव यादीच्या अगदी शेवटच्या भागात चढावयाचे, अशी ही रीत आहे. त्याच्याबरोबर राहणाऱ्या पत्नीलाही हीच सवलत होती. परंतु फौजेत नोकरी करणाऱ्या स्त्रीच्या पतीला मात्र ती नव्हती, कारण कायद्यात 'पत्नी' एवढाच शब्द होता. तो शब्द बदलून 'जोडीदार' असा व्यापक करण्यास २०२१ साल उजाडावे लागले. शांतता क्षेत्रात, म्हणजे पुण्यासारख्या छावणीत, नेमणूक असलेल्या सैनिकाला त्या ठिकाणचा सर्वसाधारण मतदार म्हणूनही नाव नोंदविता येते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला. दोन्हीकडे नाव ठेवणे अर्थातच चालत नाही.

खरी अडचण हक्काची नव्हती, टपालाची होती. उमेदवारीअर्ज मागे घेण्याची मुदत संपल्यावर मतपत्रिका छापावयाची, ती डोंगरकपारीतल्या चौकीपर्यंत पोहोचवावयाची, तोवर पलटण दुसरीकडे हललेली नाही अशी आशा धरावयाची, आणि मग तोच प्रवास उलट्या दिशेने घडवून मोजणीपूर्वी लिफाफा निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या हाती पडेल अशी वाट पाहावयाची, हा सारा प्रकार पुष्कळदा निकाल लागून गेल्यावर पुरा होत असे. २०१६ साली नियमांत दुरुस्ती होऊन यातला जाण्याचा प्रवास विजेच्या वेगाने होऊ लागला. मतपत्रिका आता संगणकावरून युनिटमध्ये उतरवून घेतात. जवान ती एकांतात भरतो, आतल्या लिफाफ्यात बंद करतो, स्वतंत्र कागदावरच्या प्रतिज्ञापत्रावर सही करतो, अधिकारी त्या सहीपुरती साक्ष घालतो, आणि दोन्ही कागद बाहेरच्या मोठ्या लिफाफ्यातून टपालाने परत जातात. "साहेब सांगतील तिथेच शिक्का" ही समजूत या लिफाफ्यापाशी अडखळते, कारण साहेब सही पाहतो, मतपत्रिका पाहत नाही. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत सुमारे १८ लाख सेवा मतदारांपैकी सुमारे १० लाख ८४ हजारांच्या मतपत्रिका परत आल्या, म्हणजे शेकडा साठांहून किंचित अधिक. उरलेल्या चाळिसांचा विचार करताना उदासीनतेइतकाच हिमवर्षावही ध्यानात घ्यावा.

मोजणीच्या सकाळी टपाली मते आधी मोजण्यास घेतात, आणि पहिला कल दिसताच "पाहा, सैन्याने कौल दिला" अशी आरोळी उठते. टपाली मतांच्या त्या गठ्ठ्यात मतदानकेंद्रावर राबलेल्या शिक्षकांची, तलाठ्यांची व पोलिसांची मते असतात. अलीकडे घरबसल्या मत देणाऱ्या अतिवृद्धांची व दिव्यांगांचीही असतात. आणि सेवा मतदारांत सैन्याबरोबर निमलष्करी दलेही असतात. शिवाय सैनिकांसाठी वेगळा मतदारसंघ नाही. एकाच खंदकातल्या चौघांची मते माण, मदुराई, मंडी आणि मणिपूर अशी चार दिशांना पांगतात. सैन्याचे मत कोणाकडे झुकले हे मोजण्याचे साधन आपल्या निवडणूकपद्धतीत ठेवलेलेच नाही, आणि माझ्या मते हे तिचे एक मोठे शहाणपण आहे.

आता सेनापतीच्या निवडीकडे वळू. कारण येथे सुशिक्षितांचे गैरसमज अशिक्षितांपेक्षा अधिक आढळतात. लष्करप्रमुख ज्येष्ठतेने आपोआप होतो ही एक समजूत, आणि राष्ट्रपती सर्वोच्च सेनापती असल्याने तेच त्याला निवडतात ही दुसरी. ५३ व्या अनुच्छेदाने सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे आहे हे खरे. पण ते मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात, आणि नेमणुकीचा निर्णय पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालील नियुक्तिसमिती घेते. ज्येष्ठता हा संकेत आहे, नियम नाही. १९६१ मध्ये जनरल थिमय्यांनी आपल्या मागे कोल्हापूरकडचे लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात यांचे नाव सुचविले असता सरकारने जनरल थापर यांची निवड केली. १९८३ मध्ये उपसेनाध्यक्ष लेफ्टनंट जनरल एस. के. सिन्हा ज्येष्ठ असताना अरुण श्रीधर वैद्य प्रमुख झाले, आणि सिन्हांनी मुदतपूर्व निवृत्ती पत्करली. ज्यांच्यासाठी ज्येष्ठता डावलली ते वैद्य दोन महावीरचक्रांचे मानकरी होते, आणि निवृत्तीनंतर १९८६ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात त्यांची हत्या झाली, या गोष्टी मराठी वाचकांस सांगावयास नकोत. २०१६ मध्ये बिपिन रावत यांच्या नेमणुकीच्या वेळी पूर्व कमानीचे प्रवीण बक्षी आणि पुण्याच्या दक्षिण कमानीचे पी. एम. हारिझ असे दोन ज्येष्ठ अधिकारी मागे राहिले.

ज्येष्ठता डावलणे प्रत्येक वेळी योग्य होते असे म्हणण्याचा माझा आशय नाही. थोरातांची निवड झाली असती तर १९६२ चे चित्र काय असते, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. परंतु जो अधिकार सरकारचाच आहे तो सरकारने वापरला म्हणजे घटनेचा भंग झाला, असे म्हणता येत नाही. ज्येष्ठतेचा क्रम तरी किती नाजूक असतो पाहा : प्रमुखाची मुदत तीन वर्षे किंवा वयाची बासष्ट वर्षे, यांपैकी जे आधी येईल ते, म्हणजे सेनाप्रमुखपदाची साखळी अखेर जन्मतारखेच्या एका आकड्यावर लोंबकळत असते. जनरल व्ही. के. सिंग यांचे जन्मसाल १९५० की १९५१ हा तंटा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि २०१२ च्या फेब्रुवारीत त्यांनी आपली याचिका मागे घेतली. शाळेत नाव घालताना मास्तरांनी अंदाजाने जन्मतारीख लिहिलेली आमची पिढी हा तंटा सहज समजू शकेल. खालच्या पायऱ्यांवर मात्र लेफ्टनंट कर्नलपर्यंतची बढती कालमानाने मिळते आणि त्यापुढे निवडमंडळांची चाळण लागते. तेथे मंत्र्याच्या चिठ्ठीपेक्षा वर्षानुवर्षांचे गोपनीय अहवाल अधिक बोलतात. शिपायाला आपला नायक निवडण्याचा अधिकार कोठेच नाही, आणि तो कधी मागितल्याचेही ऐकिवात नाही.

मग शिपाई मागतो काय? पलटणीचे सैनिक संमेलन, ज्याला अजूनही सर्रास 'दरबार' म्हणतात, तेथे कमांडिंग अधिकाऱ्यासमोर उभा राहून तो जे बोलतो ते पाहिले, तर राजकारणापेक्षा फार निकटचे विषय हाती लागतात. लंगरमधली डाळ पातळ असते. विवाहितांच्या निवासस्थानांची यादी पुढे सरकत नाही. वर्षाच्या साठ दिवसांच्या सुट्टीतले दिवस ऐन लग्नसराईत मिळत नाहीत. आणि गावी भावकीने बांध कोरला असून फेरफाराची तारीख पडली आहे. या शेवटच्या तक्रारीसाठी १९२५ सालापासून एक स्वतंत्र अधिनियम आहे, आणि विशेष परिस्थितीत सेवा बजावणाऱ्या सैनिकाविरुद्धचा दावा, वरिष्ठांचा दाखला आल्यास, न्यायालयाने तहकूब करावा असे तो सांगतो. त्या अधिनियमात 'न्यायालय' या शब्दाखाली महसुली न्यायालयही येते, हे गावच्या भावकीने लक्षात ठेवलेले बरे. दरबारात समाधान झाले नाही, तर सेना अधिनियमाच्या २६ व्या कलमाखाली वरिष्ठांकडे दाद मागता येते, आणि २००९ पासून सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे दारही उघडे आहे. "फौजेत तोंड उघडायची सोय नाही" हे म्हणणे यामुळे अर्धेच खरे ठरते; बाहेर उघडायची नाही, आत आहे.

पैशाविषयीचे दोन गैरसमज चटकन उरकून घेतो. सैनिकाला प्राप्तिकर नाही, हे खरे नव्हे. त्याचे वेतन इतर नोकरदारांप्रमाणेच करपात्र आहे, आणि करातून सुटते ते परमवीर, महावीर, वीरचक्र अशा शौर्यपदकधारकांचे निवृत्तिवेतन. कॅन्टीनमध्ये सर्व काही फुकट मिळते, हेही खरे नव्हे. ज्या खात्याचे मुख्यालय मुंबईस आहे ते खाते माल विकते, वाटत नाही. सवलत आहे ती बहुतांशी करातली, आणि तिलाही कोटा आहे.

राहता राहिला निवृत्त सैनिक. त्याच्यावर वर सांगितलेली बंधने नसतात, आणि त्याचे बोलणे सेवेतल्या सैनिकाचे बोलणे समजू नये, एवढे पथ्य आपणच पाळावयाचे असते. फील्ड मार्शल करिअप्पा, ज्यांनी सेवेत असता सैन्याला राजकारणापासून दूर राहण्याचा उपदेश केला, ते १९७१ मध्ये ईशान्य मुंबईतून लोकसभेला उभे राहिले आणि पडले. आणि २०१५ मध्ये जंतरमंतरावर समान हुद्द्यास समान निवृत्तिवेतन मागण्यासाठी महिनोन्‌महिने बसलेले म्हातारेही निवृत्तच होते. उलट दिशेचे पथ्य पक्षांनी पाळावयाचे आहे. सैनिकांची छायाचित्रे प्रचारात वापरू नयेत, असे निवडणूक आयोगाने २०१३ मध्ये बजावले, आणि २०१९ मध्ये ते पुन्हा बजावणे त्याला भाग पडले. पहिल्या वेळी किती जणांनी ऐकले, याचा अंदाज त्यावरून येतो.

ज्या जवानाला लिफाफ्याचाही भरवसा वाटत नाही त्याच्यासाठी २००३ पासून आणखी एक वाट आहे. १३-एफ या नमुन्यावर तो आपल्याच मतदारसंघात राहणाऱ्या, बहुधा घरच्या, एखाद्या माणसाला प्रतिनिधी नेमतो, आणि तो प्रतिनिधी केंद्रावर जाऊन त्याच्या वतीने मत देतो. स्वतःचे मत दिलेल्या माणसाच्या डाव्या हाताच्या तर्जनीला शाई लागते. दुसऱ्याच्या वतीने मत दिले, की ती मधल्या बोटाला लागते. पुढच्या मतदानाच्या दिवशी डाव्या हाताच्या दोन बोटांना शाई लावून शाळेच्या पायऱ्या उतरणारा एखादा म्हातारा दिसला, तर दुसरे मत त्याच्या मुलाचे आहे.