गाठीतील पहारेकरी

कर्करोग हे बाहेरून आलेले आक्रमण नव्हे. शरीराच्याच पेशींनी पुकारलेले ते बंड होय. या बंडाची वर्दी शरीराच्या संरक्षक दलाला लागते काय, यावर रुग्णाचे भवितव्य पुष्कळ अंशी अवलंबून असते, असे स्तनाच्या कर्करोगासंबंधीच्या संशोधनावरून दिसून आले आहे.

हे दल म्हणजे लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी. काढलेल्या गाठीचा रंगवलेला काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना कर्कपेशींच्या पुंजक्यांभोवतालच्या ऊतींचा किती टक्के भाग या पेशींनी व्यापला आहे, हे तज्ज्ञ नजरेने अजमावतात. या मोजणीची एकसमान पद्धत एका आंतरराष्ट्रीय कार्यगटाने २०१४ मध्ये सुचविली.

दोन्ही संप्रेरकांचे ग्राहक आणि हर-२ प्रथिन या तिन्ही कसोट्यांवर नकारात्मक ठरणारा प्रकार विशेष उग्र मानला जातो. नेदरलँड्समध्ये १९८९ ते २००० या काळात निदान झालेल्या आणि हा प्रकार असलेल्या, चाळिशीच्या आतील ४४१ स्त्रियांचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचा रोग काखेतील गाठींपर्यंत पोचलेला नव्हता आणि तत्कालीन रिवाजानुसार त्यांना रसायनोपचार मिळालेले नव्हते. ज्यांच्या गाठीत संरक्षक पेशींचे प्रमाण ७५ टक्के वा अधिक होते, त्यांच्यापैकी १५ वर्षांत रोग दूरवर पसरण्याचे वा मृत्यूचे प्रमाण अवघे २ टक्के होते. ३० टक्क्यांहून कमी असलेल्यांत ते ३८ टक्के भरले.

तथापि या आकड्यांनी हुरळून जाणे बरे नव्हे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ३,७७१ रुग्णांच्या एकत्रित विश्लेषणात संप्रेरकांना प्रतिसाद देणाऱ्या, हर-२ नसलेल्या गाठींत याच पेशींचे आधिक्य आयुर्मानाच्या दृष्टीने प्रतिकूल ठरले. गाठीत शिरलेली प्रत्येक पेशी लढतेच असे नाही. काही पेशी तर इतरांना आवरून धरतात. शिवाय जुन्या नोंदी चाळून निघालेला निष्कर्ष हा प्रत्यक्ष चाचणीची जागा घेऊ शकत नाही. त्याच्या आधारे आज कोणी उपचार परस्पर थांबवणे आत्मघातकी ठरेल.

परंतु येथेच अर्थकारणाचा प्रश्न उभा राहतो. जनुकीय तपासण्या महाग असतात. ही माहिती मात्र प्रत्येक रुग्णालयात निदानासाठी तयार होणाऱ्या काचपट्टीवर आयतीच उपलब्ध असते. तिला लागते ती प्रशिक्षित नजर. ती अहवालात नोंदविण्यास फारसा खर्च नाही. रसायनोपचाराचा खर्च मात्र केवळ औषधांचा नसतो. बुडालेला रोजगार, प्रवास, शारीरिक यातना आणि कुटुंबावर चढणारे कर्ज हेही त्यात धरावे लागते. कोणत्या स्त्रियांना हा भार निर्धोकपणे टाळता येईल, हे योजनाबद्ध चाचण्यांनीच ठरेल. मात्र औषधाचा खप घटविणाऱ्या चाचणीत औषध कंपनी पैसा कशाला गुंतवील? बाजारपेठ जे ज्ञान निर्माण करीत नाही, त्याचा खर्च सार्वजनिक तिजोरीतून होणे क्रमप्राप्त आहे. ज्या देशात स्त्रियांना होणाऱ्या कर्करोगांत स्तनाच्या कर्करोगाचा क्रमांक पहिला लागतो, त्या भारताने तरी हा खर्च टाळू नये.