ऑईल नाही, फिल्टर नाही, तरी बिल एवढं का? लक्झरी इलेक्ट्रिक गाडीच्या सर्व्हिसिंगचा हिशेब

बेळगाव : इलेक्ट्रिक गाडीला इंजिन नाही, म्हणजे मेंटेनन्स जवळपास नाहीच, असे शोरूममध्ये हमखास सांगितले जाते. साठ-सत्तर लाखांपासून दीड कोटीपर्यंतची गाडी घेणारा ग्राहकही ते मनावर घेतो. पहिली दोन-तीन वर्षे सर्व्हिस पॅकेजमध्ये जातात, खिशातून काही द्यावे लागत नाही. पॅकेज संपल्यावर पहिले बिल हातात पडते आणि प्रश्न सुरू होतात. ऑईल बदलले नाही, प्लग नाही, बेल्ट नाही, मग पैसे कशाचे?

प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर डीलर लुटतो की नाही एवढ्यापुरते नाही. बिलातील काही रक्कम खरोखर आवश्यक असते, काही टाळता येते आणि काही आपण कुठल्या गावात राहतो त्यावर ठरते. बेळगाव, खानापूर, निपाणीपासून गोव्यापर्यंतच्या ग्राहकाला हा शेवटचा भाग जास्त जाणवतो.

काय वाचते, काय राहते

पेट्रोल-डिझेल गाडीतील इंजिन ऑईल, ऑईल फिल्टर, इंधन फिल्टर, स्पार्क प्लग, क्लच, सायलेन्सर, टायमिंग बेल्ट ही यादी इलेक्ट्रिक गाडीत नसते. ही बचत खरी आहे.

मात्र बाकीची गाडी तशीच राहते. एसीचा केबिन फिल्टर बदलावा लागतो. ब्रेक ऑईल बदलावे लागते, कारण ते हवेतील ओलावा शोषते आणि त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. त्यासाठी अनेक कंपन्या दोन वर्षांची मुदत देतात; गाडी किती चालली याचा त्याच्याशी संबंध नाही. टेस्लासारखी कंपनी वार्षिक सर्व्हिसची सक्तीच ठेवत नाही. तिच्या मॉडेल वाय गाडीच्या पुस्तिकेत केबिन फिल्टरला दोन वर्षे, ब्रेक ऑईलच्या तपासणीला चार वर्षे आणि टायर अदलाबदलीला दहा हजार किलोमीटर अशी मुदत आहे. म्हणजे कंपनीगणिक वेळापत्रक वेगळे. म्हणून मित्राच्या गाडीचे बिल बघून आपल्या गाडीचा अंदाज बांधू नये. आपल्या गाडीचे पुस्तक काढून बघावे.

बॅटरी आणि मोटर थंड ठेवणारे कूलंट हाही एक खर्च आहे. काही गाड्यांत ते गाडीच्या आयुष्यभराचे असते, काहींत ठरावीक मुदतीने बदलायचे असते, आणि काहींना वीज कमी वाहून नेणारे खास कूलंटच लागते. बाजारातील साधे हिरवे कूलंट भरून चालत नाही. चुकीचे कूलंट भरल्याने बिघाड झाला, तर तो वॉरंटीत बसवून घेणे अवघड होते.

शेवटी १२ व्होल्टची छोटी बॅटरी. मोठी बॅटरी ऐंशी टक्के भरलेली असली तरी ही छोटी बसली की गाडी सुरूच होत नाही. कुलपे, स्क्रीन, कंट्रोल युनिट सगळे तिच्यावर चालते.

ब्रेक कमी झिजतात, पण…

इलेक्ट्रिक गाडीत पाय उचलला की मोटर उलटी चालून वीज तयार करते आणि गाडी हळू होते. त्यामुळे ब्रेक पॅड कमी झिजतात. हा फायदाच, पण त्याला दुसरी बाजू आहे. ब्रेक क्वचित वापरले की पावसाळ्यात डिस्कवर गंज धरतो आणि कॅलिपर अडकतो. चार महिने धो-धो पाऊस असणाऱ्या खानापूर, चंदगड, आंबोली, गोवा पट्ट्यात हे जास्त होते. म्हणून पॅड जाड दिसत असले तरी कॅलिपर साफ करून ग्रीस लावण्याचे काम बिलात असेल, तर ते फुकटचे समजू नये. पोर्शेने टायकानच्या ब्रेक पॅडना झिजेपेक्षा वयाची मर्यादा घातली आहे. पॅड झिजले नाहीत तरी सहा वर्षांनी बदलावेत, असे ती सांगते.

घाटातून जाणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. बॅटरी शंभर टक्के भरून लगेच चोर्ला किंवा आंबोली घाट उतरायला घेतला, तर तयार होणारी वीज साठवायला जागाच नसते. अशा वेळी गाडी मोटरचे ब्रेकिंग कमी करते आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. अडीच टनांच्या गाडीचे ब्रेक ऑईल जुने असेल, तर धोका तिथेच असतो. ब्रेक ऑईलचे पैसे वाचवू नयेत, ते याच कारणासाठी.

खरा मोठा खर्च : टायर

लक्झरी इलेक्ट्रिक गाडीच्या बिलात बहुतेकांना अनपेक्षित वाटतो तो टायरचा आकडा. बॅटरीमुळे वजन जास्त आणि मोटरचा जोर पहिल्या क्षणापासून मिळतो. सिग्नल सुटल्यावर पाय दाबायची सवय असेल, तर मागचे टायर झपाट्याने जातात. त्यात हे टायर २० किंवा २१ इंचांचे, जास्त वजन पेलणारे, काहींत आवाज कमी करण्यासाठी आत फोमचा थर, आणि त्या त्या कंपनीसाठी खास खूण असलेले. टायरवाल्याकडे ते मागवावे लागतात.

टायर सर्व्हिस पॅकेजमध्ये सहसा येत नाहीत. वायपर, ब्रेक पॅड, डिस्क हेही अनेक पॅकेजमध्ये नसतात. त्यामुळे ‘पाच वर्षे सर्व्हिस फ्री’ म्हणजे पाच वर्षे खर्च शून्य, असा अर्थ काढू नये. मात्र अलाइनमेंट वेळेवर करून आणि हवा दर पंधरा दिवसांनी तपासून टायरचे आयुष्य वाढवता येते, आणि ते गावातल्या चांगल्या टायरवाल्याकडेही होते.

मजुरी जास्त का?

या गाड्यांत साधारण ४०० व्होल्टची, पोर्शे टायकानसारख्या गाडीत ८०० व्होल्टची यंत्रणा असते. नारिंगी वायरींना हात लावण्याआधी ती बंद करून, वीज उरली नाही याची खात्री करावी लागते. त्यासाठी प्रशिक्षित माणूस, इन्सुलेटेड हातमोजे आणि हत्यारे, स्वतंत्र बे आणि कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेले स्कॅनर लागते. काही भाग नवा बसवला तरी कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून त्याची नोंद केल्याशिवाय तो चालू होत नाही. या सगळ्याचा खर्च तासाच्या मजुरीत येतो.

कंपन्यांनीही गाडी ग्राहकाच्या हातापासून दूर नेली आहे. पुण्याजवळ चाकणला जोडणी होणाऱ्या मर्सिडीज ईक्यूएसचे बॉनेट मालकाने उघडायचेच नसते. काचेचे पाणी भरायला बाजूला एक छोटी झडप दिली आहे. घरच्या मेकॅनिकला बोलावून ‘जरा बघ रे’ म्हणण्याची सोयच राहिलेली नाही.

असे असले तरी मजुरीवर बोलता येत नाही असे नाही. जॉब कार्डवर प्रत्येक कामाचे तास आणि तासाचा दर वेगळा लिहून मागता येतो. ‘जनरल चेकअप’, ‘एसी डिसइन्फेक्शन’, ‘अंडरबॉडी कोटिंग’, ‘इंटिरिअर ट्रीटमेंट’ अशा ओळी दिसल्या, तर त्या कंपनीच्या वेळापत्रकात आहेत का, एवढेच विचारावे. नसतील तर त्या ऐच्छिक आहेत; नको म्हणायचा पूर्ण हक्क ग्राहकाला आहे.

जीएसटीचे गणित

नवी इलेक्ट्रिक गाडी घेताना जीएसटी ५ टक्के. सर्व्हिसच्या बिलाला मात्र ही सवलत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पूर्वी मजुरीवर १८ आणि गाडीच्या बहुतेक सुट्या भागांवर २८ टक्के कर होता. त्या तारखेपासून सुटे भागही १८ टक्क्यांवर आले.

समजा, मजुरी १८,००० आणि सुटे भाग ३२,००० असे ५०,००० रुपयांचे काम आहे. जुन्या दराने कर ३,२४० अधिक ८,९६०, म्हणजे १२,२०० रुपये; बिल ६२,२००. नव्या दराने कर ९,०००, बिल ५९,०००. फरक ३,२०० रुपयांचा. जुने एस्टिमेट घेऊन ठेवले असेल, तर ते नव्या दराने करून मागावे.

उद्यमबागेतील कारखानदार असो की बाजारपेठेतील व्यापारी, अनेक जण गाडी फर्मच्या नावावर घेतात. सर्व्हिस बिलावरील जीएसटीचे क्रेडिट मिळेल, असा त्यांचा समज असतो. जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) नुसार १३ आसनांपर्यंतच्या प्रवासी वाहनाच्या खरेदीवर तसेच त्याच्या विमा, सर्व्हिस आणि दुरुस्तीवर ते क्रेडिट मिळत नाही. प्रवासी वाहतूक, ड्रायव्हिंग स्कूल, गाड्यांची विक्री असे धंदे त्याला अपवाद. म्हणजे साध्या फर्मसाठी तो कर हा खर्चच धरायचा.

अंतराचा खर्च

बेळगावात प्रत्येक लक्झरी कंपनीचे वर्कशॉप नाही. जिथे आहे, तिथे बॅटरी उघडण्याचे काम होईलच असेही नाही. मोठे काम निघाले की पुणे किंवा बेंगळुरू. पुणे सुमारे ३४० किलोमीटर. जाऊन-येऊन एक दिवस, गाडी राहिली तर दोन-तीन दिवस आणि परत आणायला आणखी एक खेप. हा खर्च बिलात दिसत नाही, पण खिशातून जातो.

गाडी वाटेत बंद पडली तर टोचन करून ओढत नेता येत नाही. चाके फिरली की मोटर फिरते आणि यंत्रणेचे नुकसान होऊ शकते. त्यामुळे चारही चाके वर घेणारी फ्लॅटबेड गाडी लागते. रोडसाइड असिस्टन्स किती किलोमीटरपर्यंत मोफत आहे, आणि राज्याची हद्द ओलांडली तर चालते का, हे गाडी घेतानाच लेखी घ्यावे.

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी

पुण्या-मुंबईत तीन-चार वर्षे चाललेल्या लक्झरी इलेक्ट्रिक गाड्या निम्म्या किमतीला मिळू लागल्या की मोह होतो. खरी काळजी इथे घ्यायची. अनेक कंपन्यांची बॅटरीची वॉरंटी ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल तोपर्यंत असते. पण बाकी गाडीची वॉरंटी त्याआधीच संपते. व्होल्वोने २०२२ मध्ये एक्ससी४० रिचार्ज आणली, तेव्हा बॅटरीला आठ वर्षे, पण गाडीची वॉरंटी आणि सर्व्हिस पॅकेज तीन-तीन वर्षांचे होते. चौथ्या वर्षी एअर सस्पेन्शन, स्क्रीन, घरातला चार्जर किंवा गाडीतला चार्जिंग मॉड्यूल गेला, तर तो मालकाच्या माथी.

शिवाय काही मॉडेल बंद झाली आहेत. ऑडीने क्यू८ ई-ट्रॉन जिथे बनायची तो ब्रसेल्सचा कारखाना फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केला. जॅग्वार आय-पेसचे उत्पादनही थांबले. सुटे भाग लगेच संपत नाहीत, पण मागवायला लागणारा वेळ विचारात घ्यावा. सौद्याआधी बॅटरीच्या क्षमतेचा अधिकृत रिपोर्ट, खालच्या बाजूला दगड लागल्याच्या खुणा आणि सर्व्हिस नोंदी बघाव्यात. खालून बसलेला मार हा वॉरंटीचा नव्हे, विम्याचा विषय ठरतो. महाराष्ट्र पासिंगची गाडी कर्नाटकात कायम ठेवायची असेल, तर एनओसी आणि नव्या नोंदणीचा खर्चही धरावा. कर्नाटकाने २०२४ मध्ये २५ लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांना १० टक्के आजीवन कर लावला आहे. जुन्या गाडीला तो किती बसेल, हे आरटीओत आधीच विचारलेले बरे.

बाहेर काम केले तर वॉरंटी जाते का?

सुटे भाग आणि माहिती स्वतंत्र गॅरेजना न देण्यावरून भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड सुनावला होता. कंपन्यांनी त्याला आव्हान दिले. पण त्यातून पुढे आलेला मुद्दा आजही लागू आहे : बाहेर टायर बदलले किंवा अलाइनमेंट केली एवढ्यावरून संपूर्ण वॉरंटी गेली, असे कोणी तोंडी सांगितले तर ते लेखी मागावे. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘राइट टू रिपेअर’ पोर्टलवर दुरुस्तीची माहिती देणाऱ्या क्षेत्रांत वाहनेही आहेत. नारिंगी वायरींचे काम मात्र बाहेर देऊ नये. तो पैशांचा नव्हे, जिवाचा प्रश्न आहे.

तक्रार कुठे करायची?

बिल पुण्याचे, ग्राहक बेळगावचा. मग खटल्यासाठी पुण्याला खेपा घालायच्या का? नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या आयोगातही तक्रार करता येते. मोबदला म्हणून दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोग. मुदत दोन वर्षांची. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, आणि ‘ई-जागृती’वरून ऑनलाइन अर्जही करता येतो. सीमाभागातील ग्राहकांना ही तरतूद फार उपयोगाची आहे. ती माहीत नसल्यामुळेच अनेक जण गप्प बसतात.

वर्कशॉपला जाण्याआधी

• वेळापत्रकात या वर्षी नेमके काय आहे, ते पुस्तकातून लिहून न्यावे.
• काम सुरू होण्याआधी लेखी एस्टिमेट घ्यावे. त्यात मजुरी, सुटे भाग आणि कर वेगळे हवेत.
• एस्टिमेटबाहेरचे काम विचारल्याशिवाय करू नये, असे जॉब कार्डवर लिहून सही करावी.
• बदललेले जुने भाग परत मागावेत.
• सॉफ्टवेअर अपडेट आणि बॅटरी तपासणीचा रिपोर्ट कागदावर घ्यावा. गाडी विकताना तो कामी येतो.
• पॅकेज संपायच्या महिनाभर आधी पूर्ण तपासणी करून घ्यावी, म्हणजे निघालेला दोष वॉरंटीतच निस्तरता येतो.

इलेक्ट्रिक गाडीचा चालवण्याचा खर्च कमी आहे, यात शंका नाही. पण दीड कोटीची गाडी पन्नास लाखांना मिळाली, तरी तिचे टायर, मजुरी आणि सुटे भाग दीड कोटीच्या गाडीचेच राहतात. हप्ता बसतो का, हे बघताना वर्षाचा हा खर्चही त्याच कागदावर मांडावा. तो बसत असेल, तरच सौदा स्वस्त.